दुपारी दीड ते साडेसहा: कर सल्लागाराच्या ऑफिसातली माझी पार्ट-टाइम नोकरी

मी बी.कॉम.साठी पुण्यात आले ते २०२१ साली. त्या वर्षी कॉलेजं उघडली तीच २० ऑक्टोबरला, तोवरचे तास गावी मोबाइलवरच झाले. पेठेत कॉट बेसिसवर राहणं, दोन वेळची मेस, बसचा पास आणि परीक्षेची फी असा हिशेब मांडला तेव्हाच दिसलं की घरून येणाऱ्या पैशांत महिना निघणार नाही. घरची शेती आहे, कोरेगाव तालुक्यात, आणि त्या वर्षी आल्याला भाव नव्हता. त्यामुळे काम करायचं हे ठरलेलंच होतं. कोणतं करायचं, एवढाच प्रश्न होता.

पहिलं वर्ष मी 'कमवा आणि शिका'त काढलं. पुणे विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते, आणि साताऱ्याकडच्या मुलीला ते नाव कुणी सांगावं लागत नाही. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ साली साताऱ्यात कॉलेज सुरू केलं, आणि अंगमेहनत करून शिकण्यात कमीपणा नाही हे आमच्या भागातल्या कितीतरी घरांत तेव्हापासून मुरलेलं आहे. मला ग्रंथालयात काम मिळालं. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, परत आलेली पुस्तकं रॅकला लावायची, नव्या पुस्तकांची दाखल नोंद करायची. तासावर पैसे मिळायचे आणि ते थेट बँकेत जमा व्हायचे. नवख्या शहरात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीला मी आजही हेच सुचवेन. कॉलेजच्या आवारातच काम, तास बुडत नाहीत, आणि संध्याकाळी उशिरा एकटीने परतायची चिंता नाही.

पण त्या कामाने मेसचं बिलही पुरतं भागत नव्हतं. शिवाय वर्षाच्या शेवटी मला एक गोष्ट खटकायला लागली. मी वर्गात जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स शिकत होते, पण खरं बिल कधी हातात धरलेलं नव्हतं. माझ्या खोलीतली एक मैत्रीण कॉल सेंटरला रात्रपाळी करायची. दुसरी शनिवार-रविवार लक्ष्मी रोडला कापडाच्या दुकानात उभी राहायची. दोघींना माझ्यापेक्षा बरेच जास्त पैसे मिळत. कॉल सेंटरवालीने मला तिथे चिकटवून द्यायची तयारीही दाखवली होती. मी दोन दिवस खरंच विचार केला. महिन्याला बारा हजार म्हणजे घरून काही मागवावं लागलं नसतं. पण ती सकाळी साडेसातच्या तासाला बसायची तेव्हा तिचे डोळे मिटत असायचे, आणि तिसरं वर्ष संपल्यावर अकाउंट्सच्या नोकरीला अर्ज करताना त्या रात्रींबद्दल तिला फारसं काही लिहिता येणार नव्हतं. तिच्या घरची गरज माझ्यापेक्षा मोठी होती, त्यामुळे तिचा निर्णय तिच्या जागी बरोबर होता. मला थोडी मोकळीक होती. ती मी शिकण्यासाठी वापरायची ठरवली.

आमच्या कॉलेजात कॉस्टिंग शिकवणाऱ्या मॅडमना मी विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे कर सल्लागारांची छोटी ऑफिसं बघ, मोठ्या फर्मकडे जाऊ नकोस, कारण मोठ्या ठिकाणी आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं असतात आणि बी.कॉम.च्या मुलीच्या हाती फार तर फायली लागतील. दुसरी गोष्ट तारखेची होती, आणि ती मला कुठल्याही करिअर मार्गदर्शनात ऐकायला मिळाली नव्हती: महिन्याच्या २० तारखेच्या आत कुठेही जाऊ नकोस.

त्याचं कारण पुढे मला स्वतःलाच कळलं. दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्यांचं विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, ११ तारखेपर्यंत जातं. १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी, आणि २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे महिन्याचं एकत्रित रिटर्न, भरून कर जमा करावा लागतो. या दहा दिवसांत ऑफिसात कुणी मान वर करत नाही. २० च्या आधी गेलेल्या पोराचा चेहराही कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि २२-२३ तारखेला गेलं तर बसा म्हणतात, पाणी विचारतात. त्यातही मे महिन्याची अखेर सगळ्यांत बरी. जून-जुलैमध्ये इन्कम टॅक्स रिटर्नचा सीझन असतो आणि त्याआधी प्रत्येक ऑफिसला जादा हात हवे असतात.

तर २०२२ च्या मेअखेरीस मी नारायण, सदाशिव आणि शुक्रवार पेठेतल्या पाट्या वाचत फिरले. 'आयकर व जीएसटी सल्लागार' ही पाटी पुण्यात किती जिन्यांवर लावलेली आहे हे शोधायला निघाल्याशिवाय कळत नाही. बायोडेटा एका पानाचा, हाताशी टॅलीच्या, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या, बेसिक कोर्सचं प्रमाणपत्र. बहुतेक ठिकाणी सभ्यपणे नाही म्हणाले. एका ठिकाणी सरळ सांगितलं की आम्हाला बँकेत आणि झेरॉक्सला जायला माणूस हवा आहे, शिकवायला वेळ नाही. मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं, कारण आधी हो म्हणून नंतर वर्षभर झेरॉक्स काढायला लावणाऱ्यांपेक्षा हे शंभर पटीने चांगलं.

वाईट अनुभवही आले. एका ऑफिसात काम ठीक वाटलं, पण दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या, म्हणजे मी मधेच सोडून जाणार नाही. मी नाही म्हटलं आणि उठले. मूळ कागद कुणाच्याही कपाटात ठेवायचे नाहीत. वर्षभरात दुसरीकडे प्रवेश घ्यायचा झाला तर त्या माणसाच्या मर्जीवर बसावं लागतं. माझ्याच खोलीतल्या मैत्रिणीला घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम देतो म्हणून फोन आला, आधी नोंदणीचे पैसे भरा, मग काम. तिने भरले. नंतर चुका काढून दंड मागायला लागले, वकिलाची नोटीस पाठवतो म्हणाले. आम्ही दोघी सायबर पोलिसांकडे तक्रार देऊन आलो. काम देणारा कधी कामाचे पैसे घेत नाही, एवढं तरी प्रत्येक पहिल्या वर्षाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ज्या ऑफिसात मी पुढे दोन वर्षं काढली ते शनिपाराजवळ, एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. सर, त्यांच्याकडे वीस-बावीस वर्षं असलेले एक अकाउंटंट काका आणि एक मॅडम. सरांनी माझा बायोडेटा बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातली एक कॅरीबॅग माझ्यासमोर आणून टेबलावर उपडी केली. आत एका किराणा व्यापाऱ्याची महिन्याभराची बिलं होती, चुरगळलेली, काही तेलाने पारदर्शक झालेली. म्हणाले, "लाव बघू."

मी तारखेप्रमाणे लावली. त्यांनी बघितली, ठीक म्हणाले, आणि एक बिल उचलून त्यावरचा जीएसटी क्रमांक वाचायला सांगितला. पंधरा अक्षरांचा तो नंबर मी वर्गात फळ्यावर पाहिला होता, पण त्याच्याकडे कसं बघायचं ते मला त्या दिवशी कळलं. पहिले दोन आकडे राज्याचे. २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ गुजरात, २९ कर्नाटक. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर एकटा माणूस, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. सरांनी ढिगातून २४ वालं ब्रँडेड डाळीचं एक बिल काढलं आणि विचारलं, यावर कोणता कर लागला असेल. राज्याबाहेरून आलेला माल, म्हणजे आयजीएसटी. बिलावर मात्र राज्यातल्या विक्रीला लागणारा सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मा-निम्मा छापलेला होता. "हे बिल बदलून आणायला सांगायचं," सर म्हणाले. "हे जसंच्या तसं टॅलीत मारणारा ऑपरेटर असतो. जो थांबतो तो अकाउंटंट."

मी तिथेच काम करायचं ठरवलं, पण आधी चार गोष्टी बोलून घेतल्या. बोलताना घसा कोरडा पडला होता, तरी बोलले. वेळ दुपारी दीड ते साडेसहा, कारण सकाळी कॉलेज. परीक्षेच्या काळात सुट्टी, तारखा आधी देईन. सुरुवातीला चार हजार, तीन महिन्यांनी पुन्हा बोलू, पगार सात तारखेच्या आत. आणि टॅलीवर मला बसायला मिळेल ना? सरांनी सगळ्याला हो म्हटलं, फक्त जुलैची सुट्टी मागायची नाही अशी त्यांची एक अट घातली.

ती अट का घातली ते लगेचच समजलं. १८ जुलै २०२२ पासून सरकारने आधीच पॅक करून लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठं यांवर ५ टक्के जीएसटी लावला. तोवर नोंदणीकृत ब्रँड असेल तरच कर होता. आता २५ किलोपर्यंतचं लेबल लावलेलं पाकीट करात आलं, आणि २५ किलोवरचं पोतं करमुक्त राहिलं. आमचे निम्मे ग्राहक मार्केट यार्डातल्या भुसार विभागातले. दिवसभर फोन. दहा किलोच्या दहा पिशव्या एका मोठ्या पोत्यात घातल्या तर? तर कर लागतो, कारण आतलं पाकीट दहा किलोचं आहे. पन्नास किलोचं एकच पोतं? नाही लागत. दुकानदाराने २५ किलोचं पोतं फोडून सुटं विकलं तर? सुट्यावर नाही.

माझं काम होतं टॅलीत मालाची यादी दुरुस्त करणं. काल एकच 'तांदूळ' होता, त्याचे दोन करायचे: लहान पाकिटाचा ५ टक्क्यांचा आणि मोठ्या पोत्याचा करमुक्त. असं प्रत्येक व्यापाऱ्याचं, प्रत्येक डाळीचं. वर्गात आम्ही कर कायदा वर्षभराने शिकणार होतो. इथे कायदा सोमवारी लागू झाला आणि मंगळवारी दुपारी माझ्या बोटांखालून चालला होता. सायंकाळी काकांनी माझी यादी तपासली, दोन ठिकाणी एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, बघायला सांगितलं आणि मग त्या नोंदींखाली मला बिलं मारू दिली. एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल. महिन्याभरात कीबोर्डकडे बघायची गरज उरली नाही.

त्याच महिन्याची ३१ तारीख, रविवार. वैयक्तिक रिटर्न भरायची शेवटची तारीख, आणि आधीच्या वर्षांसारखी मुदतवाढ मिळेल म्हणून कितीतरी लोक थांबून राहिलेले. मुदत वाढली नाही. त्या एका दिवसात देशभरात ७२ लाखांहून जास्त रिटर्न भरली गेली असं नंतर वाचलं. आमचं ऑफिस सकाळी नऊला उघडलं ते रात्री बाराच्या सुमारास बंद झालं. मॅडम मला गाडीवरून खोलीवर सोडून गेल्या. माझ्याकडे फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), २६एएस (जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (खात्याकडे असलेली वर्षभराच्या उत्पन्नाची माहिती) एकमेकांशी ताडून बघायचं काम होतं. एका निवृत्त शिक्षकांनी बँकेतल्या ठेवींचं व्याज सांगितलंच नव्हतं. एआयएसमध्ये ते तीन बँकांचं दिसत होतं. मी त्यांना फोन केला तर ते आधी रागावले, मग म्हणाले, "अगं, माझ्या लक्षातच नव्हतं, बरं झालं विचारलंस." कागद बघून माणसाला अवघड प्रश्न नीट विचारता येणं, हे कौशल्य मला त्या फोनपासून यायला लागलं.

खरी शाळा मात्र २बी ची. जानेवारी २०२२ पासून नियम असा झाला की खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून मिळणारी वजावट, २बी मध्ये दिसली तरच घ्यायची. म्हणजे व्यापाऱ्याने माल घेतला, पैसे दिले, बिल जवळ आहे, पण समोरच्याने आपलं रिटर्न भरलं नाही किंवा आपला जीएसटी नंबर चुकवला, तर क्रेडिट अडकतं. दर महिन्याला १४ तारखेनंतर मी पोर्टलवरून २बी काढायची, टॅलीतली खरेदी एक्सेलमध्ये घ्यायची आणि एकेक बिल जुळवायची. न जुळणाऱ्यांची यादी लाल. मग फोन. "भरतो ताई उद्या," हे उत्तर ठरलेलं. काकांनी मला शिकवलं की उद्या म्हणणाऱ्याला तारीख विचारायची, ती यादीत लिहायची, आणि त्या तारखेला सकाळी पुन्हा फोन करायचा, आवाज न चढवता. एक पुरवठादार कितीदा सांगूनही भरत नव्हता. शेवटी आमच्या व्यापाऱ्याने त्याच्या पुढच्या पेमेंटमधून कराएवढी रक्कम रोखून धरली, आणि चार दिवसांत रिटर्न भरलं गेलं. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला सापडलं नाही.

ऑडिटच्या काळात ओढाताण झाली. टॅक्स ऑडिट रिपोर्टची मुदत ३० सप्टेंबर, ती त्या वर्षी ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली, आणि मधे ५ तारखेला दसरा. ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा झाली, पेढे वाटले, आणि लगेच फायली पुन्हा उघडल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी सेमिस्टर. ठरल्याप्रमाणे मला सुट्टी मिळाली, पण गॅदरिंग, एनएसएसचं शिबिर, मैत्रिणींच्या सिंहगडच्या फेऱ्या हे सगळं मला सोडावं लागलं, आणि त्याचं वाईट वाटलं. पार्ट-टाइम काम करणाऱ्या मुलांना सगळं जमतं असं जे सांगतात ते खरं नाही. पाच तासांचं काम दिवसातले सहा-सात तास घेतं, कारण जाणं-येणं आणि डोक्यातून ते निघणं याला वेळ लागतो. मी सकाळचा एकही तास बुडवायचा नाही हे पाळलं, म्हणून निभावलं.

अभ्यासाला त्याचा उपयोग झाला का? ऑडिटिंगचा पेपर मला सोपा गेला. व्हाउचिंग म्हणजे काय (नोंद मूळ बिलाशी ताडून बघणं) हे पाठ करावं लागलं नाही. घसारा, तरतुदी, बँक जुळवणी पत्रक हे सगळं खऱ्या नावांसकट डोळ्यासमोर होतं. कॉस्टिंगला मात्र काडीचाही फायदा झाला नाही, कारण आमच्याकडे कारखानदार ग्राहकच नव्हते. ते रात्री बसून वाचावं लागलं. म्हणून ऑफिस निवडताना तिथले ग्राहक कोण आहेत हेही विचारावं, असं मी आता सांगते. व्यापारी, डॉक्टर, बिल्डर, सहकारी पतसंस्था, प्रत्येकाचे कागद वेगळे आणि त्यातून मिळणारं शिक्षण वेगळं.

तीन महिन्यांनी पगाराचं बोलायचं ठरलं होतं. सरांनी स्वतःहून विषय काढला नाही, मीच काढला. मी एकटीने किती व्यापाऱ्यांची २बी जुळवणी करते त्याची यादी बरोबर नेली होती. सहा हजार झाले. तिसऱ्या वर्षाला आठ.

२०२४ मध्ये बी.कॉम. झालं. पुण्याजवळच्या एका खाद्यपदार्थ कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत होती. माझ्यापेक्षा जास्त टक्केवाल्या मुली बाहेर बसल्या होत्या. फायनान्स मॅनेजरांनी विचारलं, खरेदी खातं आणि २बी यांत फरक आला तर तू काय करशील. मी सांगायला लागले: आधी तारखेचा फरक काढायचा, म्हणजे बिल या महिन्याचं आणि पुरवठादाराने पुढच्या महिन्यात दाखवलेलं, मग नंबर चुकलेले, मग मुळात न भरलेले, त्यांची तारीखवार यादी आणि पेमेंट विभागाला सूचना. ते थांबवून म्हणाले, हे कुठे केलंस. मी शनिपाराचं नाव घेतलं. त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला. आज मी त्या कंपनीत आहे आणि सीए इंटरचा अभ्यास करते. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट प्रवेश मिळतो, तो मी घेतला आहे.

आता नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, अभ्यासक्रमातच आलं आहे आणि त्याला श्रेयांक आहेत. ही फार चांगली गोष्ट झाली. फक्त माझी तळमळ एवढीच आहे की मुलांनी ते ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणून संपवू नये. कॉलेजांनी जवळपासच्या ऑफिसांची यादी ठेवली, कुठे खरंच टॅलीवर बसवतात आणि कुठे नुसतं झेरॉक्सला पाठवतात हे आधीच्या मुलांकडून विचारून लिहून ठेवलं, तरी पुष्कळ होईल. मी माझ्या कॉलेजच्या मॅडमना तशी यादी करायला मदत करते आहे.

माझा आतेभाऊ कराडला सिव्हिलचा डिप्लोमा करतो. "ताई, मलाही तुझ्या सरांकडे लावून दे," म्हणाला. मी त्याला सांगितलं, अकाउंट्सचं ऑफिस तुझ्या काय कामाचं? तुझ्या कामाचा कागद म्हणजे लेव्हल बुक, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाच्या नोंदींची वही, आणि मोजमाप पुस्तक. तालुक्याच्या गावात जमिनी आणि रस्ते मोजणारे खासगी सर्व्हेअर आहेत, त्यांना स्टाफ, म्हणजे मोजणीची खुणांची उभी पट्टी, धरायला पोरं लागतातच. गेल्या महिन्यापासून तो शनिवार-रविवार एकाबरोबर जातो. आधी नुसता स्टाफ धरून उभा राहायचा, आता रीडिंग लिहून घेतो आणि घरी येऊन त्याची बेरीज-वजाबाकी स्वतः ताडून बघतो. पैशांचं मात्र अजून ठरलेलं नाही. येत्या शनिवारी निघायच्या आधी ते बोलून घे, लाजू नकोस, असं मी त्याला कालच फोनवर बजावलंय.